आय वेईवेई : इमारत, शिल्प, माहितीपट. तीन वाटा की एकच काम?

ओळंबा

१२ मे २००८, दुपारी २ वाजून २८ मिनिटं. चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला तेव्हा शाळा भरलेल्या होत्या. जवळपास ६९ हजार माणसं गेली, आणखी १८ हजारांचा पत्ताच लागला नाही. आजूबाजूच्या इमारती उभ्या आणि मधली शाळा तेवढी जमीनदोस्त, असं चित्र कितीतरी गावांत होतं. तीन महिनेही उलटले नाहीत तोवर ८ ऑगस्टला बीजिंगमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. 'पक्ष्याचं घरटं' म्हणून जगभर गाजलेल्या त्या स्टेडियमला सुमारे ४२ हजार टन पोलाद लागलं होतं. सिचुआनमधल्या शाळांच्या कॉलमांत सळई किती होती, हे विचारलेलं मात्र सरकारला नको होतं. आणि जो माणूस ते विचारत सुटला तो त्याच स्टेडियमच्या कल्पनेत सहभागी होता : आय वेईवेई.

मी बांधकामातला माणूस. स्लॅब किंवा कॉलम भरण्याआधी सळई तपासणं हे माझं रोजचं काम. रिंगा (उभ्या सळयांना भोवतीनं बांधून ठेवणाऱ्या कड्या) सहा इंचांवर सांगितलेल्या असतात आणि दहा इंचांवर बांधलेल्या सापडतात. एकदा काँक्रीट ओतलं की ते कोणालाच दिसत नाही. दिसतं ते इमारत पडल्यावर. म्हणूनच या कलाकाराबद्दल मला कलासमीक्षकांपेक्षा थोडं वेगळं काहीतरी म्हणायचं आहे.

आधी थोडक्यात त्याची वाटचाल. जन्म १९५७, बीजिंग. वडील आय छिंग हे मोठे कवी, तरुणपणी पॅरिसला जाऊन चित्रकला शिकून आलेले. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्यावर 'उजवे' असा शिक्का बसला आणि सगळं कुटुंब हद्दपार झालं. पोराचं बालपण शिनजियांगमध्ये गेलं, त्यातला काही काळ तर जमिनीत खणलेल्या खोपटात. वडिलांना गावची संडासं साफ करायला लावलेली. १९७८ मध्ये त्यानं बीजिंग फिल्म अकादमीत प्रवेश घेतला. पुढे जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक चेन काइगे आणि झांग यिमोउ त्याच काळात तिथे शिकत होते. अभ्यासक्रम पुरा न करता १९८१ मध्ये हा अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये पडेल ते काम केलं, कॅमेरा गळ्यात अडकवून हजारो फोटो काढले. १९९३ मध्ये वडील आजारी पडल्यावर परतला. १९९९ मध्ये बीजिंगच्या कडेला साओछांगदी गावात स्वतःचं घर-कम-स्टुडिओ बांधला, साध्या विटांचा. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण शून्य. पण ते घर बघून कामं येत गेली, त्यानं वास्तुरचनेची कचेरी काढली आणि काही वर्षं इमारतींचा सपाटा लावला.

हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला अडतं ते पुढच्या वाक्यापाशी. बहुतेक जण लिहितात की तो 'वास्तुकलेकडून शिल्पाकडे आणि शिल्पाकडून माहितीपटाकडे वळला'. मला तो कुठेच वळलेला दिसत नाही.

त्याचे सुरुवातीचे व्हिडिओ बघा. २००३ मध्ये त्यानं बीजिंगच्या चौथ्या वर्तुळाकार रस्त्याच्या आतला प्रत्येक रस्ता गाडीतून चित्रित केला. १६ दिवस, २४०० किलोमीटर, दीडशे तासांचं चित्रण. पुढच्या वर्षी छांगआन रस्ता घेतला, हा शहराला पूर्व-पश्चिम छेदणारा साधारण ४५ किलोमीटरचा हमरस्ता. दर पन्नास मीटरवर कॅमेरा लावायचा, एक मिनिट चित्रण करायचं, पुढे सरकायचं. दहा तासांहून मोठी फिल्म झाली. गोष्ट नाही, निवेदन नाही. पन्नास मीटर, एक मिनिट. पन्नास मीटर, एक मिनिट.

पीडब्ल्यूडीत काम केलेल्यांना 'एमबी' म्हटलं की लगेच कळेल. मेजरमेंट बुक. साइटवर जे प्रत्यक्ष झालं ते मोजून लिहायची वही. पानांवर आकडे, खाडाखोड चालत नाही, तिच्यावर सही झाल्याशिवाय बिल निघत नाही. आय वेईवेई आयुष्यभर एमबी लिहीत आला आहे असं माझं मत आहे. कधी ती कॅमेऱ्यानं लिहिली, कधी लोखंडानं.

भूकंपानंतर त्यानं हेच केलं. शाळांत नेमकी किती मुलं गेली हे सरकार सांगेना, म्हणून २००८च्या डिसेंबरात स्वयंसेवक गोळा करून त्यानं 'नागरिकांचा तपास' सुरू केला. दारोदार जाऊन नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता लिहून घ्यायची. पोलिसांनी पोरांना पकडलं, वह्या हिसकावल्या, परत पाठवलं, ती पुन्हा गेली. हाती पाच हजारांहून अधिक नावं लागली. ती यादी तो ब्लॉगवर टाकत राहिला. भूकंपाला वर्ष होत आलं तेव्हा सरकारनं ५३३५ विद्यार्थी मृत किंवा बेपत्ता असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात त्याचा ब्लॉग बंद पाडला.

त्या ढिगाऱ्यांतून त्यानं सळई विकत घेतली. पिळवटलेली, वाकलेली, भंगारात चाललेली. ती बीजिंगला आणून कामगारांकरवी एकेक सळई हातोड्यानं ठोकून सरळ करून घेतली. हे काम २०१२ पर्यंत चाललं. २०१३ मध्ये व्हेनिसला मांडली तेव्हा ती सुमारे दीडशे टन होती. कलाकृतीचं नाव 'स्ट्रेट'. जमिनीवर एकावर एक रचलेल्या सळ्या, थर चढत-उतरत जाणारे, मधून एक भेग. भिंतीवर मुलांची नावं.

सळई सरळ करणं म्हणजे काय हे मी जवळून पाहिलं आहे. छोट्या साइटवर जुनी सळई ठोकून पुन्हा वापरतात (वापरू नये, पण वापरतात). एक वाकडी सळई जोत्याच्या दगडावर ठेवून घण घालायचा, फिरवायची, डोळा लावून बघायचं, पुन्हा घालायचा. एका सळईला माणसाचा चांगला वेळ जातो, संध्याकाळी मनगट उचलत नाही. आता दीडशे टन डोळ्यांसमोर आणा. आणि सळई सरळ झाली की ती पुन्हा दुकानातल्या नव्या सळईसारखी दिसते, जणू काही झालंच नव्हतं. सरकारला नेमकं तेच हवं होतं. कामगाराच्या हातांनी ते करून दाखवून त्यानं उलट काहीच मिटत नाही हे सिद्ध केलं. हे फक्त बांधकाम कळणाऱ्यालाच सुचू शकतं.

तुमचं काय मत? वास्तुकला, शिल्प, माहितीपट वेगवेगळे धरावेत की नाही?

चाफेकळी

लेख एका बैठकीत वाचला. एक शंका : ते स्टेडियम यानंच बांधलं ना? मग उद्घाटनाला तो गेला नव्हता असं वाचलं होतं, ते का?

ओळंबा

चाफेकळीताई, स्टेडियमचे वास्तुविशारद हेर्झोग आणि द मुरॉन ही स्वित्झर्लंडची जोडी. आय वेईवेई त्यांचा कलाविषयक सल्लागार होता. मूळ कल्पना ठरवतानाच्या चर्चेत तो होता, ड्रॉइंग आणि हिशेब त्यांचे. ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीच त्यानं जाहीर केलं की या सोहळ्याच्या दिखाऊपणाशी माझा संबंध नाही. स्टेडियमबद्दल त्याची तक्रार नव्हती, त्याच्या आडून जे झाकलं जात होतं त्याबद्दल होती. जोडीशी संबंध मात्र टिकले. २०१२ मध्ये लंडनच्या सर्पंटाइन गॅलरीसाठी त्यांनी मिळून मंडप केला. तोही बघण्यासारखा. वर काही उभारण्याऐवजी खाली खणलं, आधीच्या अकरा वर्षांच्या मंडपांचे पाये जिथे होते त्या रेषा शोधल्या आणि त्यावरून बूच वापरून बैठका केल्या. २०११ मध्ये झालेल्या अटकेनंतर पासपोर्ट सरकारजमा असल्यामुळे आय वेईवेई स्वतः बीजिंगमध्येच अडकलेला होता.

इसारकाठी

मी म्युनिकला राहते. २००९च्या शरद ऋतूत इथल्या 'हाउस डेर कुन्स्ट' या कलादालनाच्या दर्शनी भागावर त्यानं ९००० दप्तरं लावली होती. लाल, पिवळी, निळी, हिरवी, पांढरी. तो दर्शनी भाग नाझी काळातला, जाडजूड दगडी खांबांची रांग. ती सबंध रांग दप्तरांनी झाकलेली. दुरून रंगीत जाहिरात वाटायची. मला चिनी अक्षरं वाचता येत नाहीत, माहितीफलकावरून कळलं की भूकंपात मुलगी गमावलेल्या एका आईचं वाक्य दप्तरांनी लिहिलं आहे : ती या जगात सात वर्षं आनंदात जगली.

दप्तरंच का, तर तो सिचुआनला गेला तेव्हा ढिगाऱ्यात सगळीकडे दप्तरं आणि वह्या पडलेल्या होत्या.

त्या प्रदर्शनाच्या तोंडावरच त्याच्यावर इथे मेंदूची तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. ऑगस्टमध्ये तो चेंगडूला गेला होता. शाळांच्या बांधकामाची चौकशी करणारे तान झुओरेन यांच्यावर खटला चालू होता, त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला. पहाटे तीनच्या सुमारास पोलीस हॉटेलच्या खोलीत घुसले आणि डोक्यावर मार बसला. महिन्याभरानं म्युनिकमध्ये रक्तस्राव झाल्याचं लक्षात आलं. तान यांना पुढच्या वर्षी पाच वर्षांची शिक्षा झाली. आय वेईवेईबद्दल बोलताना त्यांचं नाव मागे राहतं, ते राहू नये म्हणून लिहिलं.

माळवद

ओळंबा साहेब, मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ला शाळकरी होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, लोक दमून घरात झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरा बसला. किल्लारीच्या पट्ट्यात आठ-दहा हजार माणसं गेली.

आमच्याकडं कोणाच्या सळईत भ्रष्टाचार नव्हता, सळईच नव्हती. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आडवे लांब दगड मध्ये घातलेले नाहीत. वर लाकडी सर (तुळया), फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पावसाळ्याआधी दरवर्षी वर माती टाकायची, म्हणून ओझं वाढतच जायचं. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. पुनर्वसनात ५२ गावं दुसरीकडं वसवली. पत्रे आले, काँक्रीटची घरं आली. सुरुवातीची कैक वर्षं म्हातारी माणसं घरात झोपायलाच तयार नव्हती.

हे लिहायचं कारण असं की किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी मानवंदना असते. पण गावागावांतून कोण गेलं, वय काय, कोणत्या भिंतीखाली सापडलं, हे एका जागी वाचायला मिळावं असं मला फार वाटतं. आमच्या गल्लीची यादी माझ्या आजीला तोंडपाठ होती. आता ती नाही. सिचुआनमध्ये पोरांनी दारोदार जाऊन जे लिहून घेतलं त्याची किंमत काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

ओळंबा

माळवद, तुमच्या प्रतिसादापुढे माझा लेख काहीच नाही. तुमच्या पिढीला आठवतं तोवर एकेका गल्लीची यादी तरी लिहायला हवी. त्या भागातले कोणी इथे असतील तर या धाग्यावर जरूर सांगा. नकाशा काढणं, घरांच्या जागा लावणं ही कामं मी करीन.

अरभाट

थोडा विरोधी सूर लावतो, कारण इथे सगळं कौतुकच चाललं आहे.

एक. सूर्यफुलाच्या बिया. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी बिया पसरल्या. जिंगदेझेनच्या सोळाशे कारागिरांनी अडीच वर्षं खपून एकेक बी हातानं रंगवली. नाव कोणाचं? लोकांनी बियांवरून चालावं अशी कल्पना होती. दोन-तीन दिवसांतच चालणं बंद केलं, कारण त्यातून उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. प्रेक्षकांची काळजी घेतली, छान. पण ती धूळ कारागिरांनी किती दिवस झेलली असेल?

दोन. १९९५ मध्ये हान काळातला सुमारे दोन हजार वर्षं जुना कलश हातातून सोडून फोडला आणि त्याचे तीन फोटो काढले. ज्या देशात सांस्कृतिक क्रांतीत मूर्ती फुटल्या, ग्रंथ जळले, तिथल्या माणसानं पुन्हा तेच करायचं आणि त्याला कला म्हणायचं?

तीन, आणि हे मला सगळ्यात खटकलं. २०१६ मध्ये ग्रीसच्या लेसबॉस बेटाच्या किनाऱ्यावर तो पालथा होऊन आयलान कुर्दी या बुडून मेलेल्या सीरियन बाळासारखा पडून राहिला. तो फोटो आपल्याच 'इंडिया टुडे'साठी काढलेला, दिल्लीच्या आर्ट फेअरमध्ये लावलेला. अठ्ठावन्न वर्षांचा जगप्रसिद्ध माणूस एका तीन वर्षांच्या पोराची जागा घेतो. याला एमबी कसं म्हणणार?

ओळंबा

अरभाट, तिसऱ्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूचा. त्या फोटोत मोजलेलं काहीच नाही, नुसता तो आहे. त्याच महिन्यांत त्यानं बर्लिनच्या कोन्त्सर्टहाउस या संगीतगृहाच्या खांबांना लेसबॉसवरून आणलेली निर्वासितांची चौदा हजार लाइफजॅकेटं गुंडाळली. ते मला पटतं, कारण प्रत्येक जॅकेट कोणाच्या तरी अंगावरून उतरलेलं आहे. वस्तू बोलते, तो गप्प आहे. जिथे जिथे तो स्वतः वस्तूच्या पुढे येऊन उभा राहतो तिथे काम पडतं.

बियांच्या बाबतीत तुमचा प्रश्न योग्यच आहे आणि धुळीचं उत्तर माझ्याकडे नाही. एक भर घालतो : टेटमध्ये कामाबरोबर फिल्मही दाखवत होते. माती खणण्यापासून भट्टीपर्यंत, घरी पोराबाळांसोबत बसून कुंचल्याच्या तीन-चार फटकाऱ्यांत एकेक बी रंगवणाऱ्या बाया त्यात दिसतात. ती फिल्म नसती तर तुमचा प्रश्न कोणाला सुचला नसता. कलशाबद्दल नंतर सविस्तर लिहीन, मलाही त्याबद्दल पूर्ण समाधान नाही.

जुना_वाडा

कलश फोडण्यावर बोलताना 'टेम्प्लेट' विसरू नये. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यानं मिंग आणि छिंग काळातल्या पाडलेल्या घरांची १००१ दारं-खिडक्या जोडून भलीमोठी रचना उघड्यावर उभी केली. जूनमध्ये वादळ आलं आणि सगळं पिळवटून खाली बसलं. आयोजक घाबरले असतील, यानं ते तसंच पडलेलं ठेवायला सांगितलं. पुण्यातले वाडे पाडल्यावर त्यांचे खांब, तुळया, गणेशपट्ट्या कुठे जातात हे पाहायचं तर मुंबईच्या ओशिवरा बाजारात एक चक्कर मारा. कोणाच्या तरी माजघराचं दार कुठल्यातरी हॉटेलात टेबल होऊन बसतं. हा माणूस ती दारं निदान दारं म्हणून उभी करतो.

त्याच प्रदर्शनासाठी त्यानं १००१ सामान्य चिनी माणसं कासेलला नेली, शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी. त्यांतले कैक जण देशाबाहेर पहिल्यांदाच निघालेले. पासपोर्टसाठीच्या त्यांच्या खटपटीपासून सगळ्याचा माहितीपट केला.

कॅमेरामागे

माझं काम माहितीपटांच्या संकलनाचं, म्हणून फिल्मांबद्दल. चेंगडूच्या प्रसंगावरच्या त्याच्या फिल्ममध्ये पोलीस आणि हा एकमेकांवर कॅमेरे रोखून उभे असतात. तक्रार नोंदवायला तो ठाण्यात जातो, हे टेबल ते टेबल फिरवलं जातं, आणि कॅमेरा चालूच. संकलक म्हणून माझा हात शिवशिवतो, इतकं लांबलचक आहे ते. पण कापलं असतं तर कचेरीत ताटकळणं कळलंच नसतं. लांबी हाच त्याचा पुरावा आहे.

निर्वासितांवरचा 'ह्यूमन फ्लो' (२०१७) मात्र मला कमी पटला. २३ देश, चाळीसेक छावण्या, ड्रोनमधून दिसणारे देखणे तंबू. माणसं मुंग्यांएवढी. एका छावणीत दोन महिने बसला असता तर वेगळीच फिल्म झाली असती. उलट 'कोरोनेशन' (२०२०) बघा. वुहानच्या टाळेबंदीवरची फिल्म, हा युरोपात बसून दिग्दर्शन करतोय आणि चित्रण तिथल्याच लोकांनी केलेलं. त्याला तिथे जाऊन उभं राहता आलं नाही हे फिल्मच्या पथ्यावर पडलं. ओळंबा, तुमच्या 'तो गप्प असतो तेव्हा काम उभं राहतं' याला हा आणखी एक पुरावा.

ओळंबा

अगदी. आणि वास्तुकलेचा मुद्दा पक्का करणारं एक काम राहिलं. ३ एप्रिल २०११ला त्याला बीजिंग विमानतळावर उचलला आणि ८१ दिवस अज्ञात जागी कोंडून ठेवला. दोन पहारेकरी चोवीस तास शेजारी, झोपेत आणि संडासातही. भिंतींना फोमचं अस्तर. कागद-पेन्सिल नाही. बाहेर आल्यावर त्यानं त्या खोलीचे सहा प्रसंग निम्म्या आकारात बांधले, सहा लोखंडी पेट्यांच्या आत. २०१३ मध्ये व्हेनिसच्या एका चर्चमध्ये त्या ठेवल्या होत्या, बघणाऱ्यानं फटीतून डोकावायचं. पलंग कुठे, दार कुठे, नळ कुठे, सगळं आठवणीतून. साइटवर टेप विसरलो की आपण पावलांनी खोली मोजतो, फरशा मोजून लांबी काढतो. ८१ दिवस त्यानं तेच केलं असणार असं मला मनापासून वाटतं.

सुटल्यावर करबुडवेगिरीच्या नावाखाली दीड कोटी युआनची मागणी आली. सुमारे तीस हजार लोकांनी त्याला पैसे उसने पाठवले, काहींनी नोटांची विमानं करून स्टुडिओच्या भिंतीवरून आत उडवली. त्याच्या स्टुडिओंचं मात्र असं झालं : शांघायचा नवाकोरा स्टुडिओ, जो आधी स्थानिक प्रशासनानंच आग्रहानं बांधायला लावला होता, तो जानेवारी २०११ मध्ये पाडला. बीजिंगमधला एक २०१८ मध्ये पाडला. दोन्ही वेळा चित्रण झालं.

चाफेकळी

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. प्रदर्शनं तर आपल्या आवाक्याबाहेर. कुठून सुरुवात करू?

कॅमेरामागे

चाफेकळी, भूकंपावरचे त्याचे माहितीपट त्यानं स्वतःच आंतरजालावर फुकट ठेवले आहेत, इंग्रजी उपशीर्षकांसह. आधी स्वयंसेवकांच्या तपासावरचा पाहा, मग चेंगडूचा. 'ह्यूमन फ्लो' शेवटी. छांगआन रस्त्याची दहा तासांची फिल्म सलग बघायचा प्रयत्न करू नका, जमेल तसे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाहा. आणि चेंगडूच्या फिल्ममध्ये ठाण्यातला भाग कंटाळवाणा वाटला तरी पुढे ढकलू नका.

माळवद

ओळंबा साहेब, नकाशाचं मनावर घेतलंय. आमच्या जुन्या गावठाणात जोती अजून दिसतात. दिवाळीत गावी जातोय, थोरल्या चुलत्यांना सोबत घेऊन गल्लीपासून सुरू करतो. कागद कसा आखायचा तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगा.

ओळंबा

आज रात्रीच पाठवतो. घर, जोत्याची लांबी-रुंदी, राहणाऱ्यांची नावं, त्यावेळचं वय, आणि माहिती कोणी सांगितली त्यांचं नाव. शेवटचा रकाना सोडू नका.